बाबांचं बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी बंद केली तर चालेल का?

निवांत_वाचक
मंडळी, थोडं लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. बाबा ७१ वर्षांचे. बीपी जुनंच आहे, पण मध्ये एकदा वरचं १७० च्या पुढे गेलं तेव्हा नव्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ अशी दोन्ही मिळून एकच गोळी, सकाळी. तेव्हापासून घरच्या मशिनवर १२० च्या आसपासच येतंय, काल तर ११८/७४. झालं! बाबांनी जाहीर करून टाकलं की बीपी बरं झालं, गोळी बंद. वर असंही म्हणणं आहे की गोळीमुळेच पाय सुजतात (घोट्याशी सूज आहे खरी, संध्याकाळी मोजे काढले की रबराचा वळ दिसतो) आणि सकाळी उठल्यावर गरगरतं. आई म्हणते बंद नको, निदान अर्धी करू. मी मध्ये अडकलेय. डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा, बंद करावी की अर्धी की रात्री द्यावी म्हणजे सकाळचं गरगरणं थांबेल? आणि एखाद दिवशी विसरले तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का, हेही एकदा विचारायचंच होतं.

गोगलगाय
बंद अजिबात करू नका हो. बीपी नॉर्मल आलंय ते गोळी चालू आहे म्हणून आलंय, गोळी काढली की ते परत आपल्या जागेवर जाणार. चष्मा लावल्यावर नीट दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा टाकून देतं का.

आणि यात एक फसवाफसवी आहे ती बाबांना आधीच सांगून ठेवा. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे आज गोळी सोडली तर उद्या रीडिंग चांगलंच येणार, परवाही बऱ्यापैकी येणार, आणि माणूस म्हणणार बघा, मी म्हणत नव्हतो! मग मशीन कपाटात जातं आणि त्यानंतर हळूहळू चढत गेलेलं कुणी बघतच नाही. आमच्या काकांचं डिट्टो हेच झालं होतं, त्यांना वाढलेलं जाणवलंही नाही, डोळे तपासायला गेले तेव्हा तिथे कळलं.

शंकासुर
विरोधी सूर लावतो, राग मानू नका. एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर, हे जरा जास्तच सोयीचं नाही का वाटत? आमच्या ओळखीतल्या एकाने वजन उतरवलं, मीठ कमी केलं, रोज चालायला लागला, त्याची गोळी सुटली. शिवाय नॉर्मलची व्याख्याच दर थोड्या वर्षांनी खाली सरकते. २०१७ साली अमेरिकेत १३०/८० लाच हाय बीपी म्हणायला लागले, रातोरात करोडो लोक पेशंट. शरीराला गोळीची सवय लागते हे तर सगळेच म्हणतात.

औषधवाली
शंकासुर, यातलं निम्मं बरोबर आहे म्हणूनच उत्तर देतेय :) मी फार्मसिस्ट आहे, रोज या काउंटरपलीकडे हाच संवाद ऐकते.

१३०/८० अमेरिकेने केलं ते खरं. युरोपवाल्यांनी हाय बीपीची रेघ १४०/९० वरच ठेवली, हेही खरं. पण या बाबांचं १७० होतं. कुठल्याही देशाच्या कुठल्याही रेघेने ते वाढलेलंच होतं, तेव्हा तो वाद इथे लागू नाही. वजन आणि मीठ कमी करून गोळी कमी होऊ शकते, काही जणांची पूर्ण सुटतेही, पण ती डॉक्टर एकेक पायरी उतरवतात, मध्ये रीडिंग बघतात. "आजपासून बंद" असं नसतं ते.

आता सवय. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन यांची सवय लागत नाही, बंद केल्यावर बीपी वाढतं ते मूळचंच असतं. पण काही औषधं मात्र अचानक तोडली तर उसळी मारतात, आणि ती नावं माहीत असलेली बरी. क्लोनिडिन हे सगळ्यात वाईट, डोस चुकला की दिवस-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. दुसरी म्हणजे बीटा ब्लॉकर मंडळी, नावाच्या शेवटी बहुतेक "लोल" असतं: मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी ही एकदम बंद केली तर छातीत दुखण्यापासून अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. ही एक-दोन आठवडे घेऊन हळूहळू कमी करतात. प्रवासाला जाताना गोळ्या घरी राहिल्या, हे कारण तुम्हाला फार किरकोळ वाटेल पण या दोन प्रकारांत ते किरकोळ नाही.

निवांत, विसरलेल्या डोसचं: त्याच दिवशी आठवलं तर आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाहीत.

आणि मला सकाळचं गरगरणं आवडलं नाही. बाबा अजून काय काय घेतात ते सगळं लिहा इथे, ब्रँडचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव असतं ते लिहा. दुखण्याच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, झाडपाल्याचं काही, सगळं.

टिकटिक
+१ सगळ्याला. फक्त एक, ११८/७४ हे मोजलं कसं? आमच्याकडे आई स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायची आणि मशीन चालू असताना शेजारच्या खोलीत कोण काय बोलतंय त्याला उत्तरं द्यायची, रीडिंग कधी १५५ तर कधी १२८. नर्सताईंनी मग शिकवलं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या पातळीला येतो. हात खाली लोंबता असला की जास्त दाखवतं. लघवीला लागलेली असताना मोजायचं नाही, त्यानेही वाढतं. चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबायचं. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं, त्यातलं चांगलं निवडून नाही!! सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडाभर केलं की पुरतं. रोज उठून दहा वेळा नको, त्याने माणूस घाबरतो आणि घाबरला की बीपी वाढतं.

घरच्या मशिनवर १३५/८५ म्हणजे दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीचं धरतात, हेही आम्हाला बरंच उशिरा कळलं.

पट्टेवाला
पट्ट्याचा साइज राहिला टिकटिक. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर खोटं जास्त दाखवतं. पट्ट्यावर सेंटिमीटर लिहिलेले असतात, टेपने दंडाचा मधला घेर मोजून बघा त्यात बसतो का. मनगटाची मशिनं शक्यतो नकोत.

निवांत_वाचक
टिकटिक, मोजणं ठीक आहे, तुम्ही लिहिलंय जवळपास तसंच करतो, बाही मात्र आजपासून वर :)

औषधवाली ताई, बाबांचा डबा घेऊन बसले. लिहिते तसंच.
१) टेल्मिसार्टन ४० + अ‍ॅम्लोडिपिन ५, सकाळी, ही नवी.
२) टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५, ही रात्री घेतात, आधीच्या डॉक्टरांची आहे, बाबा म्हणतात ही लघवीची गोळी.
३) डायक्लोफेनॅक ५०, गुडघ्यासाठी, रोज एक तरी, कधी दोन.
४) अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल.
५) कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी.
झाडपाल्याचं काही नाही.

आता लिहिताना दिसतंय, १ आणि २ मध्ये दोन्हीकडे टेल्मिसार्टन आहे? मला वाटत होतं दोन वेगळ्याच गोळ्या आहेत, पाकिटांचे रंग पूर्ण वेगळे, नावं वेगळी.

औषधवाली
हो. तेच शोधत होते.

नव्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती, म्हणजे जुनी थांबायला हवी होती. बाबा दोन्ही घेतायत. टेल्मिसार्टन दिवसाला ८० होतंय, ते कमाल डोसच्या आत आहे, तेव्हा घाबरू नका. पण त्यावर अ‍ॅम्लोडिपिन, त्यावर लघवी वाढवणारं औषध, म्हणजे तीन जातींची औषधं चालू आहेत आणि डॉक्टरांच्या कागदावर दोनच आहेत. ११८ का येतंय ते आलं लक्षात?

पण माझी खरी काळजी तिसरी ओळ आहे. टेल्मिसार्टनसारखं औषध, सोबत लघवीचं औषध आणि वरून रोज डायक्लोफेनॅक, या तिघांची युती किडनीला महाग पडते. थोडक्यात सांगते कसं ते. किडनीच्या गाळणीत रक्त आत येण्याची एक बारीक नळी आणि बाहेर जाण्याची एक. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या आत येणारी नळी आवळतात. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल सोडतं. लघवीचं औषध अंगातलं पाणीच कमी करतं. तिन्हीकडून गाळणीतला दाब पडतो. तरुण माणसाला एखाद दिवस काही होत नाही, सत्तरीच्या माणसाला रोज दिलं की क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा कचरा) चढायला लागतं आणि बाहेरून काहीही कळत नाही. शिवाय याच दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा असर कमी करतात, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

पुढच्या तारखेची वाट बघू नका. आज-उद्या फोन करा, ही यादी जशीच्या तशी वाचून दाखवा आणि विचारा: कुठली टेल्मिसार्टनवाली ठेवायची, डायक्लोफेनॅकच्या जागी काय, आणि क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम ही रक्ततपासणी करायची का. (मला विचाराल तर करायचीच.) मी इथे बसून बाबांची गोळी बंद करणार नाही, तो फोन तुम्हीच करायचा.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, ड्यूटीवर आहे म्हणून तुकड्यातुकड्यात लिहितोय. औषधवालींशी शंभर टक्के सहमत. फोनच्या आधी एक करा. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. उभं राहिल्यावर वरचं २० किंवा खालचं १० ने पडत असेल तर गरगरण्याचं कारण तेच. बसून घेतलेलं ११८ दिसायला सुंदर असतं, उभ्याने ते किती आहे याला जास्त अर्थ आहे, कारण माणूस पडतो तो उभ्यानेच. मोजताना कुणीतरी शेजारी उभं राहा आणि गरगरलं तर लगेच बसवा, तीन मिनिटांचा हट्ट नको.

तोवर सकाळी आणि विशेषतः रात्री लघवीला उठताना एकदम उभं राहायचं नाही. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग धरून उठायचं. प्रोस्टेटचं काही औषध चालू नाहीये ना? टॅमसुलोसिन, प्राझोसिन वगैरे? त्यांनीही उभ्याने बीपी पडतं आणि घरचे ते बीपीच्या खात्यात धरतच नाहीत.

निवांत_वाचक
प्रोस्टेटचं नाही काही. आत्ताच मोजलं. झोपून १२४/७६, उभं राहून एका मिनिटाने ९८/६४. बाबा म्हणाले "हे बघ, हेच होतं सकाळी". फोन लावतेय.

गोगलगाय
बापरे. लावा लावा, सांगा काय झालं ते.

शंकासुर
म्हणजे बाबा म्हणत होते गोळीने गरगरतं, ते खरंच निघालं की. नोंद असावी.

औषधवाली
नोंदवलं :) पेशंट तक्रार करतो तेव्हा ती बहुतेक वेळा खरीच असते, त्याने सांगितलेला इलाज चुकीचा असू शकतो एवढंच.

सुरवंट
या निमित्ताने विचारून घेते, पायाच्या सुजेचं काय? माझ्याही आईला अ‍ॅम्लोडिपिनने सूज आहे. ओळखीच्या एकीने सांगितलं लघवीची गोळी घे, उतरते.

औषधवाली
नाही उतरत फारशी, म्हणून तर तो उपाय नको. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं पण शिरा तशाच राहतात, म्हणजे केशवाहिन्यांत रक्त जोरात येतं आणि निघायची वाट तेवढीच, मग पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं, आणि दिवसभर पाय खाली म्हणून घोट्याशी साचतं. अंगात पाणी जास्त झालंय म्हणून ती सूज नाहीये, त्यामुळे पाणी काढणारी गोळी देऊन उपयोग थोडा आणि सोडियम-पोटॅशियम घसरायचा धोका मात्र पुरेपूर. डोस जितका जास्त तितकी सूज जास्त, १० वर ५ पेक्षा बरीच दिसते. डॉक्टर डोस कमी करतात, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल असलं काही जोडतात (त्याने शिराही थोड्या सैल होतात आणि सूज कमी होते), किंवा त्याच घराण्यातलं दुसरं देतात, सिल्निडिपिनने कमी सुजतं.

मात्र सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल तर अ‍ॅम्लोडिपिनच्या नावावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

हिरड्यांचंही सांगते, कुणी सांगत नाही. या गोळीने काही जणांच्या हिरड्या वाढतात, दाताच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळीचं नाव सांगायचं असतं ते यासाठी.

पिवळी_छत्री
माझा वेगळाच किस्सा. रॅमिप्रिलवर होते, बीपी एकदम छान, पण खोकला. कोरडा, घशात पीस अडकल्यासारखा, आडवं झालं की जास्त. कफ सिरप झाली, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, छातीचा एक्स-रे झाला. एका नवीन डॉक्टरांनी खोकला ऐकल्या ऐकल्या विचारलं की बीपीची गोळी कुठली. "प्रिल" (रॅमिप्रिलसारखी, नावाच्या शेवटी प्रिल) वरून "सार्टन" (टेल्मिसार्टनसारखी) वर टाकलं आणि काही आठवड्यांत गेला खोकला. सिरपच्या बाटल्यांवर किती घालवले ते विचारू नका.

रात्रपाळी
अगदी टिपिकल. प्रिल गटात साधारण दहातल्या एकाला होतो, बायकांना जास्त. गोळी सुरू झाल्यावर लगेचही येतो आणि काही महिन्यांनीही, म्हणून दुवा लक्षात येत नाही. गंमत म्हणजे हा गट सापाच्या विषातून आलाय, ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषाने माणसाचं बीपी कोसळतं, ते का, हे शोधता शोधता कॅप्टोप्रिल तयार झालं, १९८१ साली बाजारात आलं. त्या विषात एक एंझाइम अडवण्याचा गुण आहे, तो एंझाइम ब्रॅडिकायनिन नावाचं रसायनही मोडत असतो, ते मोडायचं थांबलं की घशात साचतं आणि खोकला येतो.

खोकल्याने जीव जात नाही. पण याच कारणाने क्वचित ओठ, जीभ, चेहरा सुजतो, आणि तो प्रकार जिवावरचा आहे. वर्षानुवर्षं तीच गोळी घेणाऱ्यालाही अचानक होऊ शकतो. ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सी. आणि त्यानंतर ती गोळी आयुष्यात परत नाही, प्रत्येक डॉक्टरला सांगायचं.

अजून एक, प्रिल आणि सार्टन दोन्ही गट गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. बीपीची गोळी चालू असलेल्या तरुण मुलींनी दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यायचं, तेव्हा लॅबेटालोल, मिथिलडोपा, निफेडिपिन यांतलं काहीतरी देतात.

टिकटिक
सकाळी की रात्री हे राहूनच गेलं. मी वाचलं होतं की रात्री घेतली की अटॅक निम्मे होतात.

रात्रपाळी
तो एक स्पॅनिश अभ्यास होता, २०१९ चा, आकडे इतके चांगले की लोकांना शंका आली. मग ब्रिटनमध्ये टाइम नावाचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, २१,१०४ लोक, पाच वर्षांहून जास्त, निम्म्यांनी सकाळी घेतली निम्म्यांनी संध्याकाळी. अटॅक, स्ट्रोक, मृत्यू यात फरक शून्य. तेव्हा जी वेळ विसरणार नाही ती वेळ. फक्त लघवीची गोळी रात्री नको, झोपेची वाट लागते आणि अंधारात उठून पडायची भीती. निवांतच्या बाबांची ती रात्रीच होती बघा.

काजवा_
आमच्या आजोबांचं मागे एकदम १९० झालं होतं, सगळे घाबरले, शेजारच्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, लगेच उतरलं. ती घरात ठेवावी का?

रात्रपाळी
नको. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत होती, १९९० च्या दशकातच ती धोक्याची ठरली कारण बीपी इतक्या झपाट्याने पडतं की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून स्ट्रोक किंवा अटॅक येतो. वाढलेल्या बीपीने जेवढा धोका त्या घटकेला नसतो त्याहून जास्त ते धाडकन उतरवण्यात असतो.

१९० दिसलं तर आधी बघायचं माणसाला काही होतंय का. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं अडखळणं, दिसायला अंधुक, जबरदस्त डोकेदुखीबरोबर गोंधळणं, यातलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवून हॉस्पिटल. काहीच होत नसेल तर शांत बसवा, पाच-दहा मिनिटांनी परत मोजा, आजची गोळी चुकलीय का बघा. तरी १८०/१२० च्या वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी नाही.

पट्टेवाला
सर्दीच्या गोळ्या पण लिहा कुणीतरी. नाक मोकळं करणाऱ्या.

औषधवाली
हो, फिनाइलएफ्रिन, स्युडोएफेड्रिन. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करतात, आणि फक्त नाकातल्याच आवळत नाहीत. बीपीवाल्यांनी सर्दीची मिक्स गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, मिठाच्या पाण्याचा साधा स्प्रे बरा. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, प्रिल-सार्टनवाल्यांनी आणि किडनी कमजोर असलेल्यांनी ते परस्पर सुरू करू नये, पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. ज्येष्ठमध सारखं सारखं चघळणाऱ्यांचं बीपी वाढतं, नैसर्गिक आहे म्हणून सूट नाही.

आणि उलट्या-जुलाब किंवा जोराचा ताप येऊन खाणंपिणं बंद झालं असेल तेव्हा काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. सार्टन, प्रिल आणि लघवीची गोळी अशा दिवसांत बरेच डॉक्टर तात्पुरती थांबवायला सांगतात, कारण अंग आधीच कोरडं पडलेलं असतं आणि किडनीला दुहेरी मार बसतो. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन मात्र यात परस्पर थांबवायची नाहीत. कुठली थांबवायची, कुठली नाही, हे आजारी पडल्यावर रात्री दोन वाजता विचारत बसण्यापेक्षा आत्ता लिहून घेतलेलं बरं.

निवांत_वाचक
अपडेट द्यायला उशीर झाला. त्याच दिवशी फोनवर यादी वाचली, डॉक्टर दोन सेकंद गप्पच झाले, म्हणाले दुसऱ्या गोळीचं मला माहीतच नाही. रात्रीची गोळी आणि डायक्लोफेनॅक दोन्ही त्या दिवसापासून बंद, सकाळची तशीच चालू. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, सोडियम किंचित कमी. थोड्या दिवसांनी परत तपासलं तेव्हा दोन्ही पूर्ववत होताना दिसलं, अजून एकदा करायचंय. गुडघ्याला लावायचं जेल आणि मांडीचे व्यायाम, फारच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल.

बीपी आता बसून १३० च्या आसपास, उभं राहून १२२. गरगरणं गेलं. सूज थोडी आहे. बाबांचं म्हणणं आता असं की "बघ, एक गोळी बंद करायचीच होती की नाही", यावर मी काय बोलणार!

शंकासुर
बाबा माझ्या पक्षाचे आहेत.

गोगलगाय
छान झालं. पॅरासिटामॉलही रोज भरपूर नको बरं का, २०२२ मध्ये एडिंबराच्या लोकांनी बीपीवाल्यांना दिवसाला ४ ग्रॅम दोन आठवडे देऊन बघितलं होतं, वरचं पाचेक पॉइंटने वाढलं. अधूनमधून घ्यायला हरकत नाही.

सुरवंट
शेवटचा प्रश्न, गोळीचे तुकडे करून दिले तर चालतं का? आईला मोठी गोळी गिळवत नाही, मी कुटून पाण्यात देते.

औषधवाली
कुठली गोळी त्यावर आहे. नावापुढे एक्सआर, ईआर, एसआर, एक्सएल असं काही असेल तर कुटायची नाही आणि चावायचीही नाही, ती दिवसभर थोडी थोडी सुटायला बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम. मेटोप्रोलोलच्या काही लांब चालणाऱ्या गोळ्यांवर मध्ये रेघ असते, त्या रेघेवर अर्धी करता येतात, पण कुटता येत नाहीत. निफेडिपिनच्या लांब चालणाऱ्या मोडायच्याही नाहीत. साधी अ‍ॅम्लोडिपिन कुटून लगेच दिली तर चालते. टेल्मिसार्टन ओल धरते, द्यायच्या वेळेलाच पाकिटातून काढायची, आठवड्याच्या डब्यात आधी भरून ठेवायची नाही, तिची कापलेली पट्टीच डब्यात ठेवा.

आईच्या पाकिटावरचं आतलं नाव लिहा, मग नक्की सांगते.

सुरवंट
मेटोप्रोलोल सक्सिनेट, पुढे एक्सएल लिहिलंय. अरे देवा. फोन करते.